झुडपी जंगल: नागपूरचं हायकोर्ट कागदावर जंगलात कसं गेलं?

सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या दगडी इमारतीसमोर उभं राहून कोणी म्हणालं की आपण जंगलात उभे आहोत, तर नागपूरकर त्याला चहा पाजून घरी पाठवेल. पण सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ ला दिलेल्या निकालात हा विषय अगदी गंभीरपणे आला आहे. नागपुरातलं हायकोर्ट, सचिवालय, केंद्र सरकारची कार्यालयं, संरक्षण खात्याच्या धावपट्ट्या, स्मशानं, कब्रस्तानं, लोकांची घरं, असं बरंच काही ज्या जमिनींवर उभं आहे त्यांची महसुली नोंद ‘झुडपी जंगल’ अशी आहे. पूर्व विदर्भातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन वादात होती. न्यायालयाचं उत्तर थोडक्यात असं: कागदावर जंगल लिहिलंय ना, मग कायद्याच्या दृष्टीने ते जंगलच. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने वाटलेल्या जमिनींना सवलत दिली आहे, त्यामुळे हायकोर्टावर बुलडोझर येणार नाही. हा निकाल देणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई स्वतः हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठातच वकिली करून पुढे गेलेले, तेव्हा त्यांना हा भूगोल कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

एखादी जमीन जंगल आहे की नाही हे आपण झाडं पाहून ठरवतो. सरकार ते पटवाऱ्याच्या (म्हणजे तलाठ्याच्या) बस्त्यात, त्याच्या दप्तरात, पाहून ठरवतं. त्या बस्त्यात नोंद कोणी करायची, आणि नोंद झाल्यावर गावकऱ्याला तिथे हक्क राहतो की नुसती सवलत, या दोन प्रश्नांभोवती आपल्याकडचं जंगलाचं राजकारण दीडशे वर्षं फिरत आहे. झुडपी जंगल हा त्यातला सगळ्यात गोंधळाचा तुकडा, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

सहाच जिल्हे का?

विदर्भात जिल्हे अकरा. मग अमरावती, अकोला, यवतमाळमध्ये हा त्रास का नाही? कारण हे जिल्हे वऱ्हाडातले, आणि वऱ्हाड निजामाचं होतं. १८५३ पासून इंग्रज त्याचा कारभार पाहू लागले आणि त्यांनी तिथे मुंबई इलाख्यासारखी रयतवारी आणली. शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा आणि पडीक जमीन पहिल्यापासून सरकारची.

नागपूरकडे गोष्ट वेगळी. भोसल्यांच्या काळात मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करून देणारा माणूस. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारस न ठेवता वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, राजधानी नागपूर. जमिनीचा बंदोबस्त करताना इंग्रजांनी या मालगुजारालाच गावाचा मालक करून टाकलं. वहितीची जमीन सोडून उरलेलं गवताचं रान, झुडपं, मुरमाड टेकाड, सगळं त्याच्या नावावर. भंडारा-गोंदियाकडचे लोक आजही ‘मामा तलाव’ म्हणतात ते माजी मालगुजारी तलाव याच व्यवस्थेतले. गावाच्या गरजेपेक्षा जास्त वाटलेलं दाट जंगल मात्र सरकारने आपल्याकडे ठेवलं.

पण मालगुजार मालक झाला म्हणून गावाची चूल थांबत नाही. सरपण, कुंपणाला काट्या, वखर-नांगराला लाकूड, छपराला गवत, जनावरांना चराई, भिंतीला माती हे सगळं त्याच रानातून यायचं. या वापराला इकडे ‘निस्तार’ म्हणतात. तो इतका रुजलेला होता की इंग्रजांनाही गावोगावच्या चालीरीती ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दस्तात लिहून घ्याव्या लागल्या. मालकी एकाची, निस्तार सगळ्यांचा. ही जोडी पुढे फार महत्त्वाची ठरते.

स्लीपरसाठी जंगल

सरकारने स्वतःकडे ठेवलेल्या जंगलाचं काय झालं, तर ते मुख्यतः रेल्वेने गिळलं. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. रुळाखालचे स्लीपर लाकडाचे, आणि टिकाऊ लाकूड म्हणजे साग, साल, देवदार. ठेकेदारांनी सातपुड्यात कुऱ्हाड चालवली तेव्हा सरकारला उशिरा जाग आली. १८६४ मध्ये डिट्रिश ब्रँडिस नावाचा जर्मन वनशास्त्रज्ञ भारताचा पहिला वनमहानिरीक्षक झाला, १८६५ मध्ये पहिला वन कायदा आला. तो मवाळ होता. खरी पकड बसली १८७८ च्या कायद्याने.

त्या कायद्याआधी सरकारी अधिकाऱ्यांमध्येच मोठा वाद झाला होता, आणि तो समजला की पुढचं बरंच उलगडतं. बी. एच. बेडन-पॉवेल (स्काउटवाल्या बेडन-पॉवेलचा सावत्र भाऊ) याचं म्हणणं असं होतं की राजाने लेखी दिलेलं नसेल तर गावकऱ्यांचा जंगलवापर हा हक्क होऊच शकत नाही. ती राजाने खपवून घेतलेली सवलत आहे, आणि सवलत कधीही काढून घेता येते. ब्रँडिसला गावांसाठी वेगळी जंगलं राखून ठेवायची होती. कायद्यात दोघांनाही जागा मिळाली, पण सारखी नाही. ‘राखीव’ जंगलात परवानगी असेल तेवढंच करायचं, ‘संरक्षित’ जंगलात मनाई नसेल ते करायचं, आणि ‘ग्रामवन’ हा तिसरा प्रकार गावांच्या ताब्यात द्यायचा. तिसरा प्रकार जवळपास कागदावरच राहिला. राखीव जंगल वाढत गेलं. १९२७ मध्ये याच कायद्याची नवी आवृत्ती आली, ती बऱ्याच दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. राखीव जंगलातून विनापरवाना मोळी आणली म्हणून नाकेदार (वनरक्षक) ज्या कलमाखाली पकडतो ते याच कायद्यातलं.

जाता जाता एक गंमत. हाच ब्रँडिस निवृत्त होऊन जर्मनीत राहत असताना गिफर्ड पिंचॉट नावाचा एक अमेरिकन तरुण त्याच्याकडे वनशास्त्राचा सल्ला घ्यायला गेला होता. पुढे १९०५ मध्ये अमेरिकेची वनसेवा स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला प्रमुख पिंचॉट होता. तिथे आजही देशाची चौथा हिस्सा तरी जमीन केंद्र सरकारकडे आहे, बहुतेक पश्चिमेकडच्या राज्यांत, आणि गुरं चारणारे, खाणवाले, लाकूडवाले आणि निसर्गप्रेमी यांची तिच्यावरून सतत जुंपलेली असते. पण तिथल्या मूळ रहिवाशांना आधी हुसकावलं गेलं आणि मग ती जमीन ‘सार्वजनिक’ झाली. आपल्याकडे माणसं जंगलातच राहिली आणि कायदा त्यांच्या डोक्यावरून पसरला. म्हणून तिकडचं जसंच्या तसं उचलून इकडे राष्ट्रीय उद्यानं आखली की खटके उडतात.

मीठ नाही, मग गवत

१९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला. विदर्भाला समुद्र कुठला! इथल्या लोकांना रोज टोचणारा कायदा होता जंगलाचा. म्हणून त्या वर्षी जुलैत पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. डॉ. हेडगेवारही याच चळवळीत यवतमाळकडे सत्याग्रह करून तुरुंगात गेले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गावंच्या गावं विळे घेऊन निघाली. आजच्या रायगड जिल्ह्यात चिरनेरला सप्टेंबरमध्ये गोळीबार होऊन माणसं मेली. गवताच्या पेंढीसाठी.

स्वातंत्र्यानंतर मात्र गवत कापणाऱ्यांच्याच पक्षाचं सरकार आलं आणि १९२७ चा कायदा तसाच ठेवला. १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने तर स्पष्टच म्हटलं की जंगलाशेजारच्या गावांच्या गरजा राष्ट्रहितापेक्षा वरचढ ठरू शकत नाहीत. राष्ट्रहित म्हणजे व्यवहारात रेल्वे, संरक्षण, कागद गिरण्या आणि राज्याचा महसूल. इंग्रज गेले तरी सवलत ही सवलतच राहिली, तिचा हक्क काही झाला नाही.

मालगुजारीचं काय झालं? ३१ मार्च १९५१ ला ती संपली. त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने (राजधानी अजून नागपूरच होती) मालगुजारांची पडीक जमीन, रान, तलाव सगळं राज्याच्या मालकीचं केलं. दाट जंगल वनखात्याकडे गेलं. उरलेली मुरमाड, काटेरी, बोरी-बाभळीची जमीन महसूल खात्याकडे राहिली. गावागावाचं ‘निस्तार पत्रक’ तयार झालं. कोणता गट चराईला, कोणता स्मशानाला, कोणता गाई बसवायला, हे त्यात लिहिलं गेलं. आणि जिथे झुडपं होती तिथे पटवाऱ्याने लिहिलं झुडपी जंगल. त्या वेळी त्याने लिहिलं ते एक साधं वर्णन होतं. तीस वर्षांनी या वर्णनाचं कायद्यात रूपांतर होईल, हे त्याच्या स्वप्नातही नसणार.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज दोन्ही टिकवून ठेवले. पुणे-साताऱ्याहून बदली होऊन आलेल्या तहसीलदाराला हे शब्द इथेच पहिल्यांदा भेटतात.

दिल्लीची परवानगी

मूळ घटनेत जंगल हा राज्यांचा विषय होता. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती यादीत गेला, म्हणजे केंद्रालाही त्यावर कायदा करता येऊ लागला. राज्यं धरणं, खाणी आणि मतदारांना जमिनीचे पट्टे वाटण्यासाठी जंगल सढळ हाताने देत होती, ही केंद्राची तक्रार खोटी नव्हती. २५ ऑक्टोबर १९८० ला अध्यादेश निघाला आणि त्याचा वन संवर्धन कायदा झाला. जंगलजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची पूर्वपरवानगी हवी, एवढं एकच त्याचं सार.

झुडपीची कोंडी इथे झाली. जमीन महसूल खात्याची, ताबा पंचायतीचा किंवा आणखी कोणाचा, आणि नोंद जंगलाची. शाळेला खोली बांधायची, कालव्याची चारी काढायची, वीजवाहिनी न्यायची, तरी प्रस्ताव दिल्लीला. पश्चिम महाराष्ट्रात असल्याच जमिनीला गायरान म्हणतात आणि तिथे प्रश्न जिल्हाधिकाऱ्याच्या टेबलावर सुटतो. विदर्भाच्या अनुशेषाच्या भाषणांत झुडपी जंगल वर्षानुवर्षं येत राहिलं ते यामुळे. ही तक्रार खरीच आहे. पण तिच्याआड बरंच काही लपलं, हेही तितकंच खरं. शहर वाढलं तशी या जमिनींना किंमत आली, आणि शाळेच्या खोलीचं नाव पुढे करून व्यावसायिक भूखंडांची वाट मोकळी करून घेण्याची धडपड झाली. निकालात व्यावसायिक वापरासाठी दिलेल्या जमिनींचा वेगळा, कडक विचार आहे तो उगाच नाही.

१९९६ चं वळण आलं तमिळनाडूतून. निलगिरीतल्या गुडलूर भागात चाललेल्या वृक्षतोडीविरुद्ध गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी याचिका केली होती. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं की १९८० च्या कायद्यातलं जंगल म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जंगल, आणि शिवाय सरकारी दप्तरात जंगल म्हणून नोंदलेली कोणतीही जमीन, मालक कोणीही असो. या दुसऱ्या अर्ध्या वाक्याने झुडपीचा निकाल त्या दिवशीच लागला होता असं म्हणायला हरकत नाही. पुढची जवळजवळ तीस वर्षं राज्य सरकार आमचं झुडपी वेगळं आहे हे सांगत राहिलं. २०२३ मध्ये केंद्राने कायदा बदलून जंगलाची व्याख्या आखडती घेतली, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन १९९६ चीच व्याख्या चालू ठेवायला सांगितलं.

२०२५ च्या निकालाचा व्यवहारातला अर्थ काय? १९९६ पूर्वीच्या वाटपांसाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवायचा, त्या जमिनी जंगलाच्या यादीतून वगळल्या जातील आणि त्यासाठी पर्यायी वनीकरणाचे पैसे भरावे लागणार नाहीत. १९९६ नंतर वाटप झालं असेल तर ते का केलं याचं कारण द्यावं लागेल आणि चुकीने देणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई. जंगलाला लागून नसलेले तीन हेक्टरपेक्षा लहान तुकडे संरक्षित वन म्हणून घोषित करायचे. नागपूरच्या ज्या झोपडपट्ट्यांना पट्ट्यांची आस होती त्यांचा मार्ग १९९६ पूर्वीच्या वाटपांच्या सवलतीतून जातो, म्हणजे वस्ती कधीची आणि कागद कुठला, यावर सगळं अडतं. शहराबाहेर प्लॉट घेणाऱ्याने लेआउटच्या रंगीत नकाशाआधी जुने महसुली उतारे पाहावेत, हा सल्ला वकील आता फुकटात देतात.

आणि हे झुडपी रान खरंच फालतू आहे का? सारा देत नाही ती जमीन पडीक, ही महसूल खात्याची जुनी सवय. लांडगा, खोकड, चंडोल, तितर यांना दाट सागवान नको असतं, त्यांना हेच उघडं रान लागतं. वर्ध्याकडच्या नंदा गवळ्यांची गवळाऊ गाय अशाच कुरणांवर पोसली गेली. वाघाला एका जंगलातून दुसऱ्यात जायला हेच पट्टे लागतात. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या आसपास हे कोणीही शेतकरी सांगेल, बहुधा शिवी देऊन.

साग, वाघ आणि तेंदूपत्ता

राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय मुंबईत नसून नागपुरात आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेलं वनविकास महामंडळही इथलंच. मिश्र जंगल तोडून तिथे भाव येणारा साग लावायचा, या कल्पनेवर ते उभं राहिलं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांचं सागवान बल्लारपूरच्या डेपोतून गेलं, याचा इथे अभिमानही आहे. पण सागाच्या रांगांत मोहा, चारोळीचं झाड, तेंदू राहत नाहीत, आणि गावकऱ्याचा उन्हाळा या तीन झाडांवर निघतो. महामंडळाच्या कूपतोडीला (आखून दिलेल्या पट्ट्यातली सगळी तोड) गोंदिया-चंद्रपूरकडे विरोध होतो त्याचं मूळ हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ताडोबा, पेंच, नवेगाव असे वाघांसाठी राखलेले तुकडे वाढले. तिथून गावं उठली, पर्यटकांच्या जिप्सी आल्या. त्यावर वेगळा लेख लागेल.

हक्क की सवलत, या प्रश्नाचं उत्तर बदललं ते २००६ च्या वनहक्क कायद्याने. आदिवासी आणि पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला, असं त्या कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं आहे. सरकारने स्वतःच्या कायद्यात स्वतःविरुद्ध असं लिहिणं दुर्मीळच. १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या कसवणुकीला वैयक्तिक पट्टा, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावाच्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे. बिगर-आदिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं कायद्याच्या कितीतरी आधीपासून म्हणत होतं. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायला गाव निघालं तेव्हा वाहतुकीचा परवाना अडला. वनखात्याच्या मते बांबू हे झाड, म्हणून खात्याचं. नवा कायदा म्हणतो बांबू गौण वनोपज, म्हणून गावाचा. कागद गिरण्यांना वर्षानुवर्षं स्वस्तात गेलेला हाच बांबू! शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश मुख्यमंत्र्यांना घेऊन गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. पुढच्या वर्षी चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला सुमारे हजार हेक्टर मिळाले. आता गडचिरोलीत हजारावर गावांकडे असे दावे मान्य आहेत.

तेंदूपत्त्याचंही तसंच. १९६९ पासून त्याचा व्यापार राज्याच्या ताब्यात होता. गावकरी फडीवर (पानं गोळा करण्याच्या केंद्रावर) पुडे मोजून द्यायचा आणि मजुरी घ्यायचा. आता बऱ्याच ग्रामसभा स्वतः लिलाव करतात आणि स्वामित्वधनही घेतात. सगळं गोड नाही. काही ठिकाणी ठेकेदारांनी ग्रामसभांचे पैसे थकवले, काही गावांत हिशेब दोन-चार माणसांच्याच खिशात राहिला. आणि गडचिरोलीतल्या सूरजागडसारखं लोहखनिज जमिनीखाली असलं की ग्रामसभेच्या संमतीला वर किती वजन मिळतं, हा वाद चालूच आहे.

आता झुडपी पुन्हा पाहू. ते जंगल ठरलं तेव्हा बहुतेक बातम्या विकास अडणार याच सुरात आल्या. पण वनहक्क कायद्यातल्या वनजमिनीच्या व्याख्येत अवर्गीकृत, सीमांकन न झालेली आणि मानीव (जंगल मानली गेलेली) जंगलंही धरली आहेत. त्या कायद्याने मान्य केलेल्या सामूहिक हक्कांच्या यादीत तर ‘निस्तार’ हा शब्दच आहे. म्हणजे जी जमीन आजवर महसूल खात्याच्या मर्जीवर होती, तिच्यावर सहा जिल्ह्यांतल्या गावांना सामूहिक हक्काचा दावा करता येतो, आणि तो ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे जातो. वनखातं झुडपीचा ताबा घेण्याआधी दावा दाखल झाला तर गावाची बाजू भक्कम राहील, असं माझं मत आहे. दाव्यासोबत जोडायचा सरकारी पुरावा नवीन तयार करावा लागत नाही. निस्तार पत्रकाची नक्कल तहसील कार्यालयात अर्ज करून मिळते.